शीळफाटा, वद्य षष्ठी

पहाटे पाच. टेबलावर अंबरनाथच्या शिलालेखाचं वाचन उघडं आहे. शके 982, श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार, म्हणजे इ. स. 1060, शिलाहार राजा माम्वाणीचा काळ. मंदिराचं वय ठरवायला सगळे हा लेख वापरतात आणि शकापाशी थांबतात. मी तिथीपाशी रेंगाळते. खाडीकाठचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. नवमीची पावणेसात. म्हणजे त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी पाणी भरलेलं होतं. समासात पेन्सिलीनं तेवढंच टिपून ठेवते. मध्ययुगीन कागदांत आणि लेखांत तिथी जागोजागी सापडते. पर्यावरणाचा इतिहास लिहिणाऱ्याला ती फुकट मिळालेली ठेव आहे.

साडेसहाला फाट्यावर. मुंब्रा, पनवेल, महापे, कल्याण असे चारीकडचे रस्ते इथे भिडतात आणि कंटेनरच्या रांगेला रात्र-दिवस नसतो. खिडकाळीच्या महादेवापर्यंतच अर्धा तास जातो. पुढे निळजे, काटई. भातखाचरांवर उभे राहिलेले टॉवर मी रोज खिडकीतून पाहते आणि रोज वाईट वाटतं.

साडेआठला दुसऱ्या वर्षाचा तास. आपल्या अभ्यासक्रमात मध्ययुग अठराव्या शतकापर्यंत येतं, म्हणून आज आज्ञापत्र. रामचंद्रपंत अमात्यांच्या या ग्रंथातलं आरमाराचं प्रकरण मी कधीच घाईनं शिकवत नाही. जहाजांना लाकूड लागतं. सागवान वगैरे परवानगीनं तोडावं, कमी पडलं तर बाहेरून विकत आणावं. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदी जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. लढाया आणि तह पाठ केलेल्या मुलांना इथे पहिल्यांदाच कळतं, की झाडाच्या वयाचा विचार राज्यकारभारात होता. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली आणि याच खाडीत जहाजबांधणी सुरू झाली, हेही सांगते.

“मग डोंगर उघडे कुणी केले?” मागच्या बाकावरची मुलगी विचारते.

कल्याणला रेल्वे 1854 मध्ये आली. स्लीपर, जळण, कोळसा, वाढत्या मुंबईची चूल. मी फळ्यावर यादी करते, पण एकाच कारणावर बोट ठेवू देत नाही. तास संपल्यावरही वाद चालू राहतो, मला तो फार आवडतो.

दुपारी मोडी. जंगलखात्याच्या काही कागदांच्या प्रती आहेत; तीन तासांत दीड पान होतं. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर काढली तेव्हा याच कागदांनी धरून ठेवलं. सुट्टीचे पैसे मिळत नसत, पण सुट्टीत वाचायला कोणी हरकत घेत नसे.

साडेचार. देसाई खाडी. आज वद्य षष्ठी, म्हणजे हिशेबानं आत्ता भरती पुरी व्हायला हवी. ओळखीचे एक आगरी काका बांधावर बसलेत. त्यांच्या तरुणपणी इथे खारभाताची शेतं होती. बांधानं खारं पाणी अडवायचं, ओहोटीला उघाडीतून गोडं पाणी बाहेर सोडायचं. उधाणानं बांधाला खांड पडली की सगळा गाव चिखल घेऊन धावायचा, कारण एका रात्रीत शिरलेलं मीठ पुढची पिकं घेऊन जायचं. कुठली शेतं कुणाची, हे सातबारा सांगतो. खांड कुठे पडायची हे काकाच सांगतात. मी नकाशावर खुणा करत जाते.

“बाय, तिवरां तोरली का पानी घरान येतं,” ते पलीकडच्या भरावाकडे बघत म्हणतात. 26 जुलै 2005 चं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं.

साडेचार वाजून गेले तरी पाणी चढतंच आहे. चिखलात रोवलेल्या काठीवर मी दर दहा मिनिटांनी खूण बघते. पाच वाजून दहा मिनिटांनी ते थबकतं. तोंडापासून इथवर यायला चाळीस मिनिटं.

रात्री दहाला पुन्हा तेच पान. पेन्सिलीनं लिहिलेल्या पावणेसातपुढे ‘आत, साडेसात’ असं लिहिते. मग आठवतं, गाळ भरण्याआधीची ती खाडी आजच्यासारखी उथळ नव्हती, पाणी आत लवकर पोचत असणार. साडेसातपुढे प्रश्नचिन्ह काढते.