अंथरुणावरच्या रुग्णासाठी शुश्रूषा केंद्र निवडताना काय पाहावे? खर्च कसा भागवावा?

"डॉक्टर, बाबांना उद्या डिस्चार्ज देतायत. पण घरी त्यांचं करणार कोण?" राहनाळच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वारंवार येतो. अर्धांगवायूचा झटका आलेला असतो किंवा खुब्याचे हाड मोडलेले असते. रुग्णालयातले उपचार संपतात, पण रुग्णाला स्वतःहून कूसही बदलता येत नाही. मुलगा गोदामात शिफ्टला, सून कामावर आणि घर दोन खोल्यांचे. मग शोध सुरू होतो शुश्रूषा केंद्राचा.

आधी नावांचा घोळ समजून घ्या

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हणजे छोटे खासगी रुग्णालय. तिथे उपचार होतात, पण कोणाला महिनोन्महिने ठेवत नाहीत. बहुतेक वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या ज्येष्ठांनाच घेतात. अंथरुणावरच्या रुग्णाला खाऊ घालणे, स्वच्छ ठेवणे, कूस बदलणे हे काम शुश्रूषा केंद्राचे. फोन करताना "पेशंट बेडवर आहे, नाकात नळी आहे, लघवीची नळी आहे" हे आधीच स्पष्ट सांगा. लपवलेत तर नंतर पैसे वाढतात किंवा रुग्ण परत पाठवला जातो.

डिस्चार्जच्या आधी रुग्णालयातल्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "यांना नर्स लागेल की सांभाळणारी मावशी पुरेल?" जखमेचे ड्रेसिंग, नळ्या, इंजेक्शने असतील तर नर्स हवी. फक्त आंघोळ, जेवण, डायपर एवढेच असेल, तर घरीच दिवसपाळीची मावशी ठेवून भागू शकते.

केंद्र पाहायला जाल तेव्हा

न सांगता जा, आणि शक्यतो संध्याकाळी उशिरा जा. दिवसा सगळीकडे माणसे असतात. खरी स्थिती रात्री कळते.

- रात्री किती रुग्णांमागे किती माणसे असतात? त्यात शिकलेली नर्स आहे का?
- कूस दर दोन तासांनी बदलतात का? त्याची नोंद दाखवायला सांगा.
- नळीतून दूध देताना रुग्णाला कसे ठेवता? "डोक्याची बाजू उंच करून, आणि नंतर अर्धा तास तसेच" हे उत्तर यायला हवे. आडवे ठेवून दिले तर दूध फुप्फुसात जाऊ शकते.
- डॉक्टर किती दिवसांनी येतात? रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेणार, आणि कोणाच्या गाडीने?
- खोलीत लघवीचा वास येतो का? रुग्णांच्या हाताशी पाणी आहे का?

अंतराचाही विचार करा. ठाण्यातले केंद्र जवळ वाटते, पण अंजूरफाटा ते कशेळीचा रस्ता ट्रेलरने भरला की भेट पुढे ढकलली जाते. जिथे आठवड्यातून दोनदा जाता येईल, असे साधे केंद्रही लांबच्या चकचकीत केंद्रापेक्षा बरे.

माझ्या एका रुग्ण आजींचा मुलगा नियमित भेटायला जायचा. चादर स्वच्छ, केस विंचरलेले. पाठ मात्र त्याने कधी पाहिली नाही. महिन्याभराने ताप आला म्हणून आजींना माझ्याकडे आणले, तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. म्हणून प्रत्येक भेटीत पाठ, माकडहाड आणि टाचा स्वतः पाहा. दाबूनही न जाणारी लाली हे बेडसोरचे पहिले लक्षण आहे. ती दिसली तर त्याच दिवशी बोला.

पैशांचा हिशेब

इथे बहुतेक कुटुंबांची फसगत होते. आरोग्य विमा उपचारांचे पैसे देतो, सांभाळण्याचे नाही. आंघोळ घालणे, कपडे बदलणे यासाठीचा खर्च पॉलिसीच्या अपवादांमध्ये असतो. मात्र अनेक पॉलिसींत डिस्चार्जनंतर ६० दिवसांपर्यंत त्याच आजाराची औषधे व तपासण्या मिळतात. ती बिले जपून ठेवा.

७० वर्षे पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण तेही रुग्णालयात दाखल झाल्यावरच. तरीही कार्ड काढून ठेवा. न्यूमोनिया झाला तर ते उपयोगी पडेल.

केंद्राचा खर्च खिशातूनच करायचा, हे धरून चाला. समजा महिन्याला २५ हजार सांगितले. डायपर, औषधे, फिजिओथेरपी, ड्रेसिंग यांचे ८ हजार वेगळे असतील, तर वर्षाचे जवळपास ४ लाख होतात. आणि असे रुग्ण कित्येक वर्षेही जगतात. म्हणून सही करण्याआधी लेखी घ्या: महिन्याच्या रकमेत काय काय येते, डिपॉझिट किती व परत कधी मिळणार, दर कधी वाढणार, रुग्ण मध्येच रुग्णालयात गेला तर त्या दिवसांचे पैसे लागतील का.

शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर असेल तर आधी वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात किंवा पुण्यात वारजे येथील सिप्लाच्या पॅलिएटिव्ह केंद्रात विचारा. तिथे सेवा मोफत आहे.

भावंडांनी एकत्र बसा

खर्च कोण किती उचलणार, हे दाखल करण्याआधी ठरवून कागदावर लिहा. कोणी हात झटकले, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार आई-वडील निर्वाह प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. त्याची माहिती प्रांत कार्यालयात मिळते. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही मोफत आहे.

आई-वडिलांना केंद्रात ठेवले म्हणजे टाकून दिले, असे नाही. घरी दोन तासांनी कूस बदलणारे कोणी नसेल, तर चांगले केंद्र हाच योग्य निर्णय असू शकतो. पण पैसे भरले की जबाबदारी संपत नाही. जात राहा आणि पाठ पाहत राहा.