संगणक मंदावला? मोडीत काढण्यापूर्वी मर्ज ओळखा

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आपल्यासारख्या लहान व्यापाऱ्यांच्या घरात संगणक कायमचा येऊन बसला. दिवसा मुलांचा अभ्यास, रात्री बिले, खतावणी आणि रिटर्न. चार-पाच वर्षे तो निमूट काम करतो. मग एके दिवशी बटण दाबून चहा पिऊन झाला तरी पडद्यावर चक्र फिरतच असते. अशा वेळी बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. एक तर चडफडत तसेच चालवतात, नाही तर पंचवीस-तीस हजार खर्चून नवा आणतात. व्यापारी बंधूंनो, दोन्हींत नुकसान आहे.

माझाच अनुभव सांगतो. रिटर्नच्या मुदतीची आदली रात्र होती आणि संगणक हलेना. दुरुस्तीवाल्याने बघितल्या न बघितल्यासारखे करून सांगितले, "चाचा, आता हा मोडीत द्या." शेजारच्या मुलाने मात्र पाच मिनिटांत दाखवून दिले की बाकी सर्व ठीक आहे, फक्त आतली डिस्क थकली आहे. तेवढा एक भाग बदलला. तोच संगणक आजही माझी बिले काढतो आहे.

गोदाम, टेबल आणि कारागीर

संगणकाचे काम आपल्या धंद्याच्या भाषेत समजून घ्या. प्रोसेसर म्हणजे कारागीर. रॅम म्हणजे त्याचे कापड कापायचे टेबल. डिस्क म्हणजे गोदाम. कारागीर कितीही हुशार असो, टेबल लहान असेल तर दर वेळी एक ताका गोदामात ठेवून दुसरा आणावा लागतो. त्यात गोदामातला हमाल संथ असेल तर कारागीर हात चोळत बसतो. जुन्या संगणकात बहुधा हेच घडते. म्हणून आधी अडले कुठे ते पाहावे.

ते पाहणे सोपे आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांपुढे टक्के दिसतात. संगणक सुरू करून पाच-दहा मिनिटे थांबा, मग नेहमीचे काम करताना पाहा. डिस्क सतत १०० टक्क्यांजवळ असेल तर गोदाम अडले आहे. मेमरी ९० च्या आसपास असेल तर टेबल अपुरे आहे. काही काम नसताना सीपीयू चढलेला असेल तर कोणता प्रोग्रॅम त्याला खातो आहे, त्याचे नाव तिथेच वाचा.

आधी बिनपैशाचे उपाय

काहीही करण्यापूर्वी हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्या. यात कुचराई करू नका. संगणक पुन्हा विकत मिळतो, तीन वर्षांची उधारी कोणाकडे किती ही नोंद मिळत नाही.

त्यानंतर टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' हा भाग उघडा. संगणक सुरू होताच न बोलावता येऊन बसणाऱ्या प्रोग्रॅमची यादी तिथे मिळेल. गरजेचे नसलेले 'डिसेबल' करा. ते पुसले जात नाहीत, फक्त बोलावल्याशिवाय येत नाहीत. व्हायरसपासून रक्षण करणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र हात लावू नका. पण तसे दोन ठेवूही नका. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून असतो. बाहेरचे दोन-तीन चढवले की गोदामाच्या दारात दोन-तीन पहारेकरी, आणि प्रत्येक जण तोच गठ्ठा उघडून पाहणार.

डिस्कचा निदान पाचवा भाग मोकळा ठेवा. नमुन्यांचे फोटो, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ यांनीच ती भरते. सेटिंगमध्ये 'स्टोरेज' उघडल्यास निरुपयोगी फायली काढता येतात. तिथल्या यादीत 'डाउनलोड्स'वर खूण करण्यापूर्वी आत पाहा. पार्टीने पाठवलेली बिले तिथेच पडलेली असतात.

आणखी एक गोष्ट. 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असली की 'शट डाउन' केल्यावर विंडोज आपला काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवते. 'रीस्टार्ट' केल्यावर मात्र सर्व नव्याने सुरू होते. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावा.

धूळ आणि उष्णता

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा यंत्रमागाच्या गावांत हवेत कापसाचे तंतू असतात. ते पंख्यात आणि जाळीत अडकून नमद्यासारखा थर बसतो. आतली हवा खेळेनाशी झाली की प्रोसेसर तापतो, आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. पंखा मोठ्याने घोंगावत असेल आणि अर्ध्या तासाने काम मंदावत असेल तर हाच मर्ज समजा. तीन-चार महिन्यांनी वीज पूर्ण बंद करून, पंख्याचे पाते काडीने धरून, कोरड्या मऊ ब्रशने आणि हवेच्या झोताने धूळ काढावी. ओले फडके वापरू नये. लॅपटॉप गादीवर ठेवून चालवू नये, कारण खालची जाळी झाकली जाते.

पैसे कुठे घालावेत

एवढे करूनही डिस्क १०० वरच राहिली तर फिरत्या चकतीची हार्ड डिस्क काढून एस.एस.डी. बसवा. हिच्यात फिरणारा भाग नसतो, म्हणून फाइल शोधण्यास वेळ लागत नाही. जुन्या यंत्राला याइतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही. मेमरी अपुरी असेल तर ४ जीबीची रॅम ८ करा. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही, म्हणून आधी आपला प्रकार पाहून घ्या. भाव वरखाली होतात, दोन-तीन दुकाने फिरा. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर सर्व कामे सोडून प्रथम नक्कल घ्या. तो तिचा शेवटचा इशारा असतो. काढलेली डिस्क भंगारवाल्याला देऊ नका, तिच्यात आपले आणि गिऱ्हाइकांचे खाते असते.

"तुमचा संगणक संथ आहे, येथे दाबा" अशा जाहिरातींना भुलू नका. वेग वाढवण्याच्या नावाखाली त्या नवे ओझे टाकतात, कधी हिशेबही चोरतात.

नवा केव्हा घ्यावा

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आपले यंत्र त्यात बसत नसेल तर त्यावर जास्त पैसा घालू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या प्रोग्रॅमने अनेक देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही, ते प्रामुख्याने अडकले. म्हणून 'अपडेटमुळे संगणक जड होतो' असे म्हणून अपडेट बंद ठेवणे म्हणजे दुकानाचे कुलूप जड वाटते म्हणून काढून टाकणे होय. आणि नक्कल घेतलेली डिस्क सतत जोडून ठेवू नका, नाही तर तीही कुलूपबंद होईल.

सारांश इतकाच की आधी पाहा, मग नक्कल घ्या, मग फुकटचे उपाय करा, मग एक भाग बदला, आणि शेवटी नवा घ्या. हा क्रम पाळणाऱ्याचा पैसाही वाचेल आणि वहीही.