वस्तऱ्याची हरवलेली पाचर

घडीच्या वस्तऱ्याचे भाग मोजकेच: पोलादी पाते, ते झाकणाऱ्या मुठीच्या दोन पट्ट्या, पाते ज्याच्यावर फिरते तो खिळा आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला पट्ट्यांच्या मधे बसवलेली पाचर. जुना वस्तरा हाती येतो तेव्हा पाते बहुधा शाबूत असते. हरवलेली असते ती पाचर, नाहीतर एखादी पट्टी.

राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे आणि भोर-वेल्ह्याचा मावळ हा बलुत्याचा मुलूख. न्हाव्याला वर्षभराच्या हजामतीबद्दल सुगीत धान्य मिळे. वस्तरा, कातर, नराणी, निसणा, आरसा, वाटी असे सगळे दुकान त्याच्या धोकटीत मावे. याच वस्तऱ्याने विधवांचे केशवपनही होई. 1890 मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी ते काम नाकारले. या हत्याराच्या इतिहासातला हा सर्वांत मानाचा प्रसंग म्हणावा लागेल. पुढे 1990 नंतर एड्सविषयी जागृती झाली, अर्ध्या ब्लेडचे वस्तरे आले आणि जुने माळ्यावर गेले. मावळातल्या चार महिन्यांच्या पावसाळी दमटपणात त्यांना गंज चढला.

दुरुस्तीआधी वस्तरा ओळखावा. पात्याच्या मानेवर कारखान्याचा शिक्का असतो. इंग्लंडमधले शेफील्ड आणि जर्मनीतले सोलिंगेन ही वस्तऱ्यांची दोन मोठी गावे. अमेरिकेने 1891 पासून आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, त्यामुळे देशाचे नाव कोरलेला वस्तरा बहुधा त्यानंतरचा असतो. मूठ शिंगाची, लाकडाची की सेल्युलॉइडची तेही पाहावे. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि पाते खाल्ले जाते. अशी मूठ कितीही देखणी असली तरी काढून टाकावी. ती चटकन पेट घेते, म्हणून विस्तवापासून दूर ठेवावी.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे पाचर. ती बाहेरच्या टोकाला जाड आणि आत निमुळती असते. तिच्यामुळे पट्ट्या किंचित फाकतात, पात्याला मधे जागा मिळते आणि खिळ्यापाशी पकड येते. जुन्या शेफील्ड वस्तऱ्यांत ती अनेकदा शिशाची असे. आता शिंग किंवा कठीण लाकूड पुरते. ती जाड झाली तर पट्ट्या ताणून तडकतात, पातळ झाली तर पाते खुळखुळते. म्हणून ती मुद्दाम जाड कापावी आणि कानशीने थोडी थोडी घासत, पुन्हा पुन्हा बसवून पाहत मापाला आणावी. वस्तरा मिटल्यावर धार दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्यावर यायला हवी. ती एका बाजूला टेकत असेल तर दोष बहुधा पाचरीच्या उताराचा असतो. पाते वाकवायला जाऊ नये.

पट्टीच हरवली असेल तर उरलेली पट्टी साच्यासारखी ठेवून दुसरी कापावी. म्हशीचे शिंग उकळत्या पाण्यात मऊ होते आणि दोन फळ्यांत दाबले की सपाट होते. सावंतवाडीकडे शिंगकामाची जुनी परंपरा आहे. गव्याचे शिंग मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वापरता येत नाही.

खिळ्यासाठी साधारण 1.6 मिलिमीटर जाडीची पितळी तार लागते. पुण्यात बोहरी आळीत असला किरकोळ माल मिळतो. तार दोन्ही बाजूंनी वॉशरच्या वर जेमतेम एक मिलिमीटर ठेवून कापावी आणि लहान हातोडीने आळीपाळीने हलके ठोके देत तिचे डोके पसरवावे. इथे घाई केली तर शिंग फुटते.

पात्याला शेवटी हात लावावा. गंज तेल आणि बारीक पॉलिश कागदाने काढावा, पण धारेपर्यंत खड्डे गेले असतील तर वस्तरा शोभेलाच ठेवावा. पाजवताना पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकवायची. कोन पात्याच्या घडणीतूनच मिळतो. 1000, मग 4000 किंवा 5000, मग 8000 क्रमांकाचा दगड आणि शेवटी चामड्याचा पट्टा, ज्यावर पाते नेहमी पाठीकडून ओढायचे. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर मात्र वस्तरा कधीही देऊ नये: पातळ धार क्षणात तापून निळी पडते, पोलादाचे पाणी उतरते आणि ते कोणत्याही दगडाने परत येत नाही.