दिवाळी ते होळी, बीपीची गोळी



आमच्या गटातली एक बाई गेल्या दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गुजरातमध्ये गेली, ती परत आलीच नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास. बीपीची गोळी चालू होती, पण सोबत नेलेली पुडी महिन्याभरात संपली. पौषातल्या एका पहाटे कोपीतून निघताना तिला दरदरून घाम फुटला. जबडा दुखतो, पाठ भरून आली म्हणाली. पित्त असेल म्हणून बायांनी लिंबू-साखर दिली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. होळीला तिच्या घरची माणसं आली तेव्हा एवढंच म्हणाली, "अचानक गेली."

हा 'अचानक' शब्द आम्हाला खटकतो. हृदयविकाराचे मृत्यू वाटेल तिथे, वाटेल तेव्हा होत नाहीत. त्यांना जागा असते, ऋतू असतो, दिवसाची वेळसुद्धा असते. आज त्याबद्दल बोलू.

आधी जागेचं. हा रोग शहरातला, शेठ लोकांचा, बसून खाणाऱ्यांचा, असं आपण ऐकत आलो. आपण डोंगर चढतो-उतरतो, भाकर-भाजी खातो, आपल्याला कुठला हार्ट अटॅक? असं वाटायला एक कारणही आहे. माणूस मेला की कारणाचा दाखला डॉक्टर देतात, आणि डॉक्टर असतात शहरात. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या दर शंभर मृत्यूंपैकी जेमतेम २२-२३ मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी लिहिलेलं होतं. बाकीचे घरात, शेतात, वाटेत गेलेले. नुसते दाखले मोजले तर हृदयविकार शहरातच दिसणार. शिवाय मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. आमची मैत्रीण नंदुरबारची, पण तिची नोंद गुजरातेत. आपल्या जिल्ह्याच्या वहीत ती कुठेच नाही.

मग खरं चित्र कळायचं कसं? त्यासाठी भारताच्या महानिबंधक कार्यालयाबरोबर एक मोठा अभ्यास झाला. त्याचं नावच 'दहा लाख मृत्यूंचा अभ्यास'. माणसं देशभर घरोघर गेली आणि ज्यांच्याकडे कोणी वारलं होतं त्यांना विचारलं : छातीत दुखलं होतं का? किती वेळ? घाम आला का? एक बाजू लुळी पडली होती का? आधीपासून गोळ्या चालू होत्या का? मग दोन डॉक्टरांनी वेगवेगळं बसून ती उत्तरं वाचली आणि कारण ठरवलं.

त्यातून निघालेलं चित्र ऐकून आम्हीही चमकलो. २००० ते २०१५ या काळात खेड्यातले हृदयविकाराचे मृत्यू भराभर वाढले आणि शहरांच्या पुढे गेले. तिशीतल्या शंभर बायांपैकी सत्तरीच्या आत हृदयविकाराने जाणाऱ्या आधी पाचाच्या आत होत्या, त्या साडेसहाच्या वर गेल्या. पुरुषांत दहाचे तेरा झाले. आणि अनेकांना आपला आजार आधीच माहीत होता, तरी मेलेल्यांपैकी निम्मे किंवा त्याहून जास्त लोक नियमित औषध घेत नव्हते. आम्ही हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

आपल्यासारखाच जंगलाचा, आदिवासी वस्तीचा जिल्हा म्हणजे गडचिरोली. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतले दोन वर्षांचे मृत्यू तपासले. सगळ्यात जास्त मृत्यू कशाने होते? लकव्याने. दर सात मृत्यूंत एक. लकवा आणि हार्ट अटॅक ही चुलत भावंडंच. एकात मेंदूची रक्तवाहिनी जाते, दुसऱ्यात हृदयाची, आणि दोन्हींच्या मागे बहुतेक वेळा वाढलेला रक्तदाब असतो. लकव्याने गेलेल्या शंभरातले ८७ जण घरीच गेले होते.

म्हणजे खेड्याच्या नशिबातच हे लिहिलंय का? तसं नाही. फिनलंड नावाचा थंड देश आहे. त्याच्या पूर्वेला नॉर्थ करेलिया हा खेड्यांचा, शेतकऱ्यांचा, लाकूडतोड्यांचा भाग. १९७० च्या सुमारास तिथले कर्ते पुरुष हृदयविकाराने इतके मरत होते, की १९७१ साली लोकांनीच सरकारकडे अर्ज केला, काहीतरी करा. १९७२ पासून काम सुरू झालं. विडी-सिगारेट, लोणी, मीठ आणि रक्तदाब, या चार गोष्टी धरल्या. आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचलं कोण? तिथला 'मार्था' नावाचा बायकांचा संघ, म्हणजे आपल्या बचत गटासारखाच म्हणा ना. गावोगाव बायकांनी एकत्र येऊन कमी मिठाचा, कमी लोण्याचा स्वयंपाक करून दाखवला. पुढच्या ४० वर्षांत कर्त्या वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. गाव तेच, थंडी तीच.

आता वेळेचं. हार्ट अटॅक दिवसभरात सगळ्यात जास्त येतात ते सकाळी, पहाटेपासून दुपारच्या आत. उठल्यावर रक्तदाब चढतो आणि रक्त गोठायची ओढही त्या वेळी जास्त असते. वर्षात जास्त येतात थंडीत. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. कडक उन्हाळाही हृदयाला जड जातो, पण थंडीचं पारडं भारी.

आता आपलं कॅलेंडर काढा. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, सगळीकडून माणसं घर सोडतात ती दिवाळीनंतर आणि परततात होळीला. म्हणजे ज्या महिन्यांत रक्तदाब सगळ्यात चढता, नेमक्या त्याच महिन्यांत आपण आपल्या उपकेंद्रापासून, आशाताईपासून सगळ्यात लांब. पहाटेच्या गारठ्यात मोळ्या उचलायच्या, चहाबरोबर विडी नाहीतर तंबाखू, आणि पुडी संपलेली. बीपी दुखत नाही, त्यामुळे गोळी सुटल्याचं कळतही नाही. जे घरी राहतात त्यांचंही तसंच. नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळवणाऱ्या बाईच्या छातीत जळजळलं तर मिरचीलाच बोल लावला जातो. दरवेळी मिरचीच असेल असं नाही.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. दसरा झाला की गटाच्या बैठकीत विचारा, बीपी-शुगरची गोळी कोणाला चालू आहे आणि त्यातलं तोडीला कोण जाणार. त्यांनी निघण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातून होईल तितक्या जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्या आणि औषधाचा कागद सोबत ठेवावा. तो दाखवून गुजरातच्या सरकारी दवाखान्यातही बीपी मोजून घेता येतो, गोळी मागता येते. तिशी ओलांडलेल्या ज्यांची तपासणीच झाली नाही, त्यांची नावं आशाताईला द्या. त्यात आपलंही नाव घाला. बाई स्वतःचं विसरते.

आणि छातीत दाब, घाम, धाप, मळमळ, जबडा-खांदा-पाठ यांत कळ, यातलं काही आलं आणि दहा-पंधरा मिनिटांत ओसरलं नाही, तर चालायला लावू नका. बसवा आणि १०८ लावा. हा नंबर गुजरातमध्येही तोच आहे. हृदयाची गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तासात दिलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं, बारा तासांपर्यंतही उपयोग होतो. आपल्याकडे गाडीरस्त्यापर्यंत झोळीतून आणण्यातच दोन-दोन तास जातात, म्हणून 'सकाळी बघू' म्हणू नका. ॲस्पिरिनची गोळी डॉक्टरांना किंवा १०८ वर विचारूनच द्या; तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हात लुळा पडला असेल तर मुळीच देऊ नका, तो लकवा असू शकतो.

एक शेवटचं काम राहिलं. घरात कोणी गेलं तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. बाहेरगावी गेलं असेल तर तिथे नोंद करून दाखला घेऊनच परता. आणि कोणी कारण विचारलं तर 'अचानक' किंवा 'वय झालं होतं' म्हणून थांबू नका. कुठे दुखलं, किती वाजता, गोळी कधी सुटली होती, ते सगळं सांगा.