साखळी करवत : जुन्या प्रतिमानांची पारख

साखळी करवत : पट्टीभोवती फिरणाऱ्या दातेरी साखळीने लाकूड कापणारे यांत्रिक साधन. जर्मनीत आन्ड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर व १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी साखळी करवत तयार केली.

जुन्या करवतीची प्रत बाह्य रंगावरून नव्हे, तर एंजिनाच्या बांधणीवरून ठरते. उत्तम प्रतीत भुजादंड मॅग्नेशियमाच्या मिश्रधातूच्या दोन ओतीव अर्धांत पक्का बसविलेला असतो. हलक्या प्रतीत तो सिलिंडराचा तळ व त्याखालील झाकण यांत धरलेला असून संपूर्ण एंजिन प्लॅस्टिकच्या सांगाड्यात ठेवलेले असते. किरकोळ छाटणीस ही बांधणी पुरते, परंतु पुणे जिल्ह्यातील अंथुर्णे (ता. इंदापूर) येथल्यासारख्या कोरड्या मुलखातील बाभळीचे कठीण लाकूड सतत कापल्यास तीतील उणीव लवकर उघड होते.

झिजेची परीक्षा वेगळी करावी लागते. सायलेन्सर काढून आत पाहिल्यास दट्ट्यावर खोल उभे ओरखडे नसावेत. पेट्रोलात तेल कमी मिसळल्यास असे ओरखडे पडतात. गतिपालक चाक हलविल्यास भुजादंडात ढिलेपणा जाणवू नये.

करवत उलट उसळताच साखळी थांबविणारा गतिरोधक १९७० नंतरच्या दशकात रूढ झाला. त्यापूर्वीच्या करवतीत तो बहुधा नसतो. अशी करवत कितीही भक्कम असली, तरी ती वापरण्यास सुरक्षित ठरत नाही.