कुंडलिकेचे पाणी आणि सागराचे रक्षण

सागररक्षण हा केवळ किनाऱ्यावरील लोकांचा प्रश्न होय, अशी समजूत सर्वत्र आढळते. श्वसनयंत्रासह तळाशी उतरणारा पाणबुड्या प्रवाळांत अडकलेली जाळी सोडवू शकतो. परंतु पाण्यात विरघळलेले दूषित द्रव्य त्याच्या हाती येत नाही. त्याचा उगम बहुधा किनाऱ्यापासून फार दूर असतो.

जालना जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अरबी समुद्र जवळ असूनही, सह्याद्रीच्या जलविभाजकामुळे येथील बहुतेक पाणी पूर्वेकडे वाहते. जालना शहरातील कुंडलिका दुधनेस, दुधना पूर्णेस आणि पूर्णा गोदावरीस मिळते. सुमारे १,४६५ किलोमीटर लांबीची गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या मुखप्रदेशात कोरिंगाचे खारफुटीचे वन आहे.

वाटेतील धरणे बराचसा गाळ अडवितात. शेतांतून निचरलेले नायट्रेट मात्र विरघळलेले असल्याने त्यातील काही अंश पुढे जातो. नायट्रेट अधिक झाल्यास समुद्रात शैवाल बेसुमार वाढते, मरून कुजते, आणि त्या कुजण्यात जलचरांना आवश्यक असलेला प्राणवायू खर्ची पडतो.

म्हणून पिकाच्या गरजेइतकेच खत देणे व सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडणे, हीही सागररक्षणाचीच कार्ये होत.