एक डबा, अनेक शब्द

मराठी घरात ‘डबा’ हा शब्द किती कामे करतो ते पाहा. पोह्यांचा डबा, तेलाचा डबा, शाळेचा डबा, आगगाडीचाही डबाच. वस्तू लहान झाली की तिची डबी होते. म्हणजे मराठी इथे आकारमान पाहते. डबा पत्र्याचा, पितळेचा की प्लास्टिकचा, याचे तिला सोयरसुतक नाही.

शब्दार्थांच्या यादीत मात्र ‘डबा म्हणजे बॉक्स’ एवढेच असते. मराठी माध्यमातले मूल ते पाठ करते, पुढे कुठेतरी ‘बॉक्स ऑफ ऑइल’ म्हणते आणि समोरचे हसतात. दोष मुलाचा नसतो, यादीचा असतो. कुणाच्या शिकवणीशिवाय इंग्रजी शिकताना मी शब्दांच्या वह्या भरल्या. त्यांतून लक्षात आले की भांड्याला नाव देण्याआधी इंग्रजी चार प्रश्न विचारते.

पहिला, तोंड कसे आहे? अरुंद गळ्यातून ओतायचे असेल तर ‘बॉटल’, रुंद तोंडातून चमच्याने काढायचे असेल तर ‘जार’. काच दोन्हीकडे असली तरी सरबताची बाटली ‘बॉटल’ आणि लोणच्याची बरणी ‘जार’.

दुसरा, कशाचे बनले आहे? ‘बॉक्स’चे मूळ ‘बुक्सुस’ या झाडाच्या लॅटिन नावात आहे. त्याच्या कठीण लाकडाच्या पेट्या होत. आजही ताठ बाजूंच्या, बहुधा कोरड्या मालाच्या खोक्याला तो शब्द शोभतो. सुटे तेल त्यात बसत नाही.

तिसरा, बोलणारा कुठला? १८१० मध्ये लंडनच्या पीटर ड्युरँडने डबाबंद अन्नाचे पेटंट घेतले. लोखंडी पत्र्याला गंज चढू नये म्हणून कथलाचा मुलामा देत. कथील म्हणजे ‘टिन’. ब्रिटनमध्ये धातूचे नाव डब्यालाच चिकटले. अमेरिकेत त्याच डब्याला ‘कॅन’ म्हणतात. गंमत अशी की ब्रिटिश माणूसही घेवड्याच्या डब्याला ‘टिन’ म्हणतो, पण बिअरच्या डब्याला ‘कॅन’. डबाबंद बिअर १९३५ मध्ये प्रथम अमेरिकेत विक्रीला आली. वस्तूबरोबर तिचे नावही समुद्र ओलांडून आले असावे, असे माझे अनुमान आहे. झाकण पुन्हा लावता येणारा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मात्र ‘टिन’च. आपल्या इंग्रजीला ब्रिटिश वळण, म्हणून किराणा दुकानातला पंधरा किलो तेलाचा डबाही ‘टिन’.

चौथा, भरलेले की रिकामे? ‘कप ऑफ टी’ म्हणजे कपभर चहा. ‘टीकप’ म्हणजे चहाचा कप, मग तो धुऊन पालथा घातलेला का असेना. मराठीतला ‘तेलाचा डबा’ भरलेला की रिकामा, हे संदर्भावरूनच कळते. इंग्रजीत तो फरक शब्दांच्या क्रमातच उमटतो.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एक सुचवावेसे वाटते. भांड्याचा शब्द एकटा पाठ करून घेऊ नका, आतल्या जिनसेसकट द्या: लोणच्याचा जार, तेलाचा टिन, काड्यांचा बॉक्स. आपण लहानपणी ‘बरणी’ शिकलो तेही लोणच्यासकटच, यादीतून नव्हे.